काळ्या झग्यातले पाच पंच

१३ जुलै
पायाला प्लास्टर, म्हणून दुकान बंद. पंपाची मोटार पायावर पडली तेव्हा सौ. म्हणाली, "आता तरी बसा गप." बसलो. बसून काय करणार, पुन्हा तीच क्लिप. चैत्रातल्या यात्रेची शेवटची कुस्ती, कुणीतरी फोनवर काढलेली. चव्वेचाळीस सेकंद. सोमनाथ आणि आपल्या गावचा दिगंबर एकदम पडतात, शिट्टी वाजते, मी दिगंबरचा हात वर करतो. पंच मीच. आणि सोमनाथ म्हणजे पल्लवीचा धाकटा दीर. माझ्याच पोरीच्या सासरचा पैलवान.
क्लिप संपली की फोन आपणहून पुढचं काहीतरी लावतो. आज त्यानं दोन अवाढव्य माणसं लावली. अंगावर फक्त लंगोट, मातीच्या गोलात. आधी हसू आलं. मग पाहत बसलो, दोन तास.

१४ जुलै
सुमो म्हणतात. जपानी कुस्ती. नियम कुणी न सांगता कळले. गोलाबाहेर पाय पडला की हरला, तळपाय सोडून काहीही मातीला टेकलं की हरला. चितपट वगैरे भानगड नाही. निकाल पाच-दहा सेकंदांत, पण त्याआधी चार मिनिटं मीठ उधळणं, पाय आपटणं, एकमेकांकडे रोखून बघणं. आपल्या तालमीच्या मातीत हळद, ताक, तेल. यांच्याकडे मीठ. का?
दुपारी साडेबारा ते अडीच चालतं. ऐन जेवणाची वेळ. सौ.: "ह्या उघड्या बाप्यांना बघत जेवायचं व्हय आमी?" पण भाकरी मोडताना मान वळवून बघत होती.

१७ जुलै
नावं लक्षात राहीनात. माझी मी ठेवली. गुलाबी लंगोटवाला तो बीट. पडल्यावर गुडघा धरून उठतो तो नाना. आमचे थोरले बंधू नाना असेच उठायचे. सगळ्यांत बारका, तरी शंभर किलो असेल, तो जिरं. सौ. जिऱ्याच्या पक्षात.
पंचाच्या अंगात रेशमी झगा, हातात पंखा, तोंड एकसारखं चालू. नोकोत्ता, नोकोत्ता, नोकोत्ता! शोधलं. "अजून आहे, अजून आहे." म्हणजे दोघेही अजून गोलात आहेत, लढा. पंचवीस वर्षं आखाड्यात पंच म्हणून उभा राहिलो, पण हरत आलेल्या गड्याला 'अजून आहेस' असं कधी म्हणालो नाही. शब्द हिशोबाच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवला. पहिला.

२१ जुलै
आज वेगळंच बघितलं. बीट आणि एक लांब हातांचा, दोघं एकदम गोलाबाहेर पडले. पंचानं पंखा बिटाच्या बाजूला केला. गोलाच्या खाली चारी बाजूंना काळ्या झग्यातले पाच जण बसलेले असतात, मला वाटायचं मानाचे पाहुणे. त्यातल्या एकानं हात वर केला. पाचही जण वर चढले, मधोमध उभे राहून हळू बोलले. पंच बाजूला उभा. मग त्यांच्यातल्या म्हाताऱ्यानं माईक घेतला आणि हजारो लोकांना काहीतरी समजावून सांगितलं. टाळ्या. आणि ते दोघं परत मीठ घ्यायला निघाले. कुस्ती परत!
कुणी भांडलं नाही. कुणी माती फेकली नाही. त्या म्हाताऱ्यानं असं काय सांगितलं? मला ते पाहिजे. शब्दन् शब्द.

२२ जुलै
म्हातारा वीस वेळा ऐकला. "तादाइमा नो" एवढं कळतं, पुढे तोंडात पान असल्यासारखा बोलतो. सौ.: "एका कुस्तीची क्लिप सुटली, आता दुसरी धरली." म्हातारा परत पहिल्यापासून लावला.

२९ जुलै
प्लास्टर निघालं. सुमोही संपलं, पंधरा दिवसांचं असतं. आता थेट सप्टेंबरात. हे लोक वर्षातून सहा यात्रा भरवतात. आपली एकच असते आणि ती वर्षभर पुरते.
यंदाची तर पुरून उरली. त्या कुस्तीनंतर व्याही आखाड्यातून परस्पर निघाले. यात्रेचं जेवण न जेवता. वीस माणसांचं मटण होतं, सौ. दारात तांब्या घेऊन उभी. ते रस्त्यावरूनच म्हणाले, "येतो पावणं, उशीर झाला." दुपारचे चार वाजले होते. कसला उशीर. सौ. अजून ते मोठं पातेलं काढत नाही, दुसऱ्याच्यात करते.

९ ऑगस्ट
बेल्ह्यातलं दुकान उघडलं. बाजाराचा दिवस, समोरच्या मैदानात बैल, टेम्पो, आरडाओरडा. दोन मोटारी वाइंडिंगला आल्या. आळ्याच्या रेश्मा मॅडमही आल्या, टाकीवर पाणी चढवायचा पंप घेऊन. चाकणच्या जपानी कारखान्यात पाच वर्षं दुभाषी होत्या हे ठाऊक होतं. आता मुलगी लहान म्हणून घरी. ताकाला जाऊन भांडं लपवत बसलो. आधी पंप जळाला कसा, मग मुलगी कशी आहे, मग चाकणला पगार बरा असतो का. शेवटी त्याच म्हणाल्या, "अण्णा, काय इचारायचंय ते इचारा ना."
म्हातारा ऐकवला. मोठ्यानं हसल्या. "अवो, हे कारखान्यातलं जपानी न्हाई, लई जुन्या वळणाचं हाय." पहिल्या वाक्याचा अर्थ दिला. तादाइमा नो क्योगी नि त्सुइते गोसेत्सुमेइ इताशिमास. "आत्ता जो विचारविनिमय झाला, त्याबद्दल आपल्याला खुलासा करतो." पुढचं सांगेनात. "समदं मीच सांगितलं तर तुमाला काय मजा? एका येळी एक वाक्य. घाई कुणाला हाय?"
मला नाही. त्यांच्या पंपाला तार चांगली घातली.

२४ ऑगस्ट
अक्षरं सुरू केली. जॉबकार्डाच्या पाठीमागे काढतो. 'नो' सोपं, कॉइलचा एक वेढा. 'आ' म्हणजे वेढा चुकून गुंता झालेला. 'नु' आणि 'मे' मध्ये फरक काय आहे ते देवालाच ठाऊक. दिवसाला दोन अक्षरं, तिसरं शिकलं की पहिलं जातं. पालथ्या घड्यावर पाणी, पण घडा अठ्ठावन्न वर्षांचा आहे, त्याला काय बोलायचं.
एका गिऱ्हाइकाला त्याच्या कार्डावर जपानी गेलं. परत आला, "अण्णा, ह्ये काय मंतर-बिंतर लिवलंय का?"

१६ सप्टेंबर
सुमो परत सुरू. दुकानातच फोन उभा करतो, हात मोटारीच्या स्टेटरवर, डोळे तिकडं. एक कॉइल उलटी बसली, पुन्हा काढली. दोन बाजूंचे दोन गडी: हिगाशी पूर्व, निशी पश्चिम. काची जिंकणं, माके हरणं. जिरं सलग तीन हरलं. सौ. जेवली नीट, पण बोलली नाही.

२५ सप्टेंबर
रेश्मा मॅडम आल्या होत्या. त्यांनी एक सांगितलं, ते दिवसभर डोक्यातून जाईना. सर्वांत वरच्या दर्जाच्या पंचाच्या कमरेला खरी कट्यार असते. अर्थ असा की निकाल चुकला तर पोट फाडून घेईन. आता कुणी घेत नाही. पण पाच जणांनी निकाल फिरवला तर तो पंच राजीनाम्याचं विचारायला जातो, अजूनही. बहुतेक वेळा 'राहू द्या' म्हणतात. पण जातो.
आमच्या कमरेला काय, शिट्टी.
सौ.ला सांगितलं. तिनं विचारलं, "आन् बायकांना जाऊ देत्यात का त्या गोलात?" मॅडमला फोन केला. नाही जाऊ देत. सौ.: "मग हिकडच्यापरीस येगळं काय हाय? तुमी उगाच कौतिक करताय." बरोबर आहे तिचं. आमच्या आखाड्यात तिनं आजवर पाय ठेवला नाही, पस्तीस वर्षांत मला ते खटकलंही नव्हतं.

२४ ऑक्टोबर
दिवाळीला पल्लवी आली, एक रात्र. जावयानं आळेफाट्यावर सोडलं आणि तिथूनच माघारी वळला. फाटा ते घर गाडीवर पंधरा मिनिटं. पूर्वी हा माणूस चहा घेतल्याशिवाय हलायचा नाही. मी स्टँडवर न्यायला गेलो तेव्हा पोरगी पिशवी घेऊन एकटी उभी होती. लई वाईट वाटलं.
घरी सगळं बोलली, दिराचं सोडून. मीही विचारलं नाही. दोघं मिळून सुमोच्या जुन्या कुस्त्या बघितल्या. म्हणाली, "अण्णा, तुमाला कळतं का ते बोलतात त्ये?" मी ऐटीत सांगितलं, हे पूर्व, हे पश्चिम. "आन् ते पाच जण कशापायी चढलं वर?" सांगितलं. ऐकून घेतलं आणि फोन खाली ठेवला. म्हणाली, "चांगलं हाय की मग त्यांचं."

१२ नोव्हेंबर
मॅडमकडून दुसरं वाक्य मिळालं. "पंचाचा पंखा पूर्वेकडे गेला, परंतु पूर्वेचाच आधी पडला नाही ना, अशी शंका आली." शंका काढायला मोनोइइ म्हणतात. मॅडम म्हणाल्या, परीक्षा द्या अण्णा, पहिल्या पायरीची, पुण्यात असते. मी म्हटलं, मला एका म्हाताऱ्याचं बोलणं कळलं की पुष्कळ.

१९ नोव्हेंबर
आज दुपारी सुमोत काहीच विशेष नव्हतं. तरी एक लिहायचंच आहे. हे इतके महिने मी कुणाला सांगितलं नाही, वहीलाही नाही.
सगळ्यांना सांगितलं की मी उलट्या बाजूला होतो, दिसलं नाही. खोटं. अर्धं दिसलं होतं. सोमनाथनं दिगंबरला ढाकेच्या डावावर घेतलं, दिगंबरचे दोन्ही खांदे मातीला लागले, आणि त्याच झोकात सोमनाथ त्याच्यावरून लोळून पलीकडे गेला, तेव्हा त्याची पाठ लागली. पहिली पाठ दिगंबरची. मला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसली. पक्की नाही, पण दिसली. त्या एका क्षणात मनात आलं, सोमनाथला दिली तर गाव म्हणणार, अण्णानं पावण्याला कुस्ती दिली. आणि मी दुसरी पाठ धरली.
लोक 'आपला तो बाब्या' करतात. मी आपल्याच माणसाला कार्टं केलं, कशासाठी, तर लोकांनी मला सरळ माणूस म्हणावं. म्हणालेही. त्याच संध्याकाळी पारावर दोघं-तिघं म्हणाले, "अण्णा म्हंजे अण्णा. सोयऱ्याला बी सोडलं न्हाई." आणि मला बरं वाटलं होतं. त्याची आज सर्वांत जास्त लाज वाटते.

१५ जानेवारी
दोन महिने वही उघडली नाही. रब्बीच्या मोटारी. आज मात्र.
कट्यारवाला पंच. पंखा पूर्वेला. हात वर झाला. पाच जण चढले. म्हातारा माईकवर आला आणि मी स्टेटर खाली ठेवला. तादाइमा नो... सगळं कळत गेलं. शब्द सुटे सुटे, पण कळले. ग्योजी गुन्बाइ साशिचिगाए दे. पंचाचा पंखा चुकीच्या बाजूला गेला. निशिकाता नो काची. पश्चिमेचा जिंकला.
मी दुकानात एकटाच "कळलं!" असं ओरडलो. शेजारचा चहावाला धावत आला, त्याला वाटलं शॉक बसला.
पण खरी गोष्ट पुढे होती. तो कट्यारवाला पंच गुपचूप घरी गेला नाही. त्यानंच पंखा पश्चिमेकडे केला आणि जिंकलेल्याचं नाव मोठ्यानं पुकारलं. चूक ज्याची, बरोबर निकाल त्यानंच ओरडायचा. चेहरा बघितला त्याचा. काही नाही चेहऱ्यावर. मला असं करता येईल का?

१८ जानेवारी
बबनरावांकडे गेलो. यात्रा कमिटीचे अध्यक्ष, माझ्याबरोबर एकाच तालमीत होते. म्हटलं, यंदा आखाड्याच्या सुरुवातीला मला माईक द्या, मागच्या सालचा निकाल चुकला असं सांगतो.
"येड लागलं का अण्णा? पंचानं चूक झाली म्हनून माईकवर सांगितलं तर उद्यापास्नं कोण पंचाचं ऐकल? लोकं धा सालाच्या कुस्त्या उकरून काढतील."
"चुकलो ते चुकलो."
"चुकला असशील. म्या बी क्लिप बघितलीये, समद्या गावानं बघितलीये. पर गावच्या पोराची कुस्ती हाय ती राव. दिगंबरनं काय घोडं मारलंय तुझं?"
हे मात्र मला सुचलं नव्हतं. दिगंबरनं काहीच केलं नाही. मी दिलं ते त्यानं घेतलं. परत येताना स्वतःचाच राग येत होता. माईकवर मोठा माणूस व्हायचं होतं मला पुन्हा, दुसरं काय.

८ फेब्रुवारी
पल्लवीचा फोन. सोमनाथनं तालीम सोडली. म्हणजे आत्ता नाही, पावसाळ्यातच सोडली, मला कुणी बोललं नाही. पिकअप चालवतो, भाजी घेऊन जातो. बावीस वर्षांचा पोरगा.
"माझ्यामुळं?"
"न्हाई अण्णा. हरला म्हनून कुनी राग न्हाई धरला. कुस्तीत हारजीत असती, मामंजी बी तेच म्हन्त्यात." मग म्हणाली, "तुमी धा म्हैन्यात एकदा बी आमच्या दारात आला न्हाई. चुकलं का बराबर व्हतं, काय तर येऊन बोलायचं. त्यांनी वाट बघितली."
मी सहा महिने जपानच्या म्हाताऱ्याचं एक वाक्य समजून घेतलं. आणि पोरीच्या सासरी, पेठला, पाऊण तासात जाता येतं.

१२ मार्च
गेलो. सौ. म्हणाली मी येते, तिला नको म्हटलं. मग म्हटलं चल.
व्याही ओट्यावर होते. "या पावणं." एवढंच. विहीणबाईंनी चहा दिला. सोमनाथ पिकअप धूत होता, तसाच ओल्या हातानं येऊन भिंतीला टेकून उभा राहिला. अंग सुटलंय त्याचं.
पाठ करून गेलो होतो, सगळं विसरलो. सरळ म्हणालो, "सोमनाथ, पहिली पाठ दिगंबरची लागली व्हती. मला दिसली व्हती. तू पावणा, म्हणून तुला दिली न्हाई."
विहीणबाई आत गेल्या. व्याही म्हणाले, "म्हंजे आमी पावणं नसतो तर पोराला कुस्ती भेटली असती."
"व्हय."
"मग सोयरीक करून आमी काय पाप केलं?"
मान खाली घातली. सौ. रडायला लागली, विहीणबाई बाहेर आल्या आणि तिला आत घेऊन गेल्या.
मी म्हटलं, यात्रेत माईकवर सांगतो, बबनराव नाही म्हणाले तरी सांगतो. तेव्हा सोमनाथ पहिल्यांदा बोलला. "माईकवर नका सांगू अण्णा. तुमी माईकवर काय बी सांगितलं तरी माझी कुस्ती मला न्हाई भेटत. परत लावा."
"परत?"
"दिगंबर आन् म्या. परत."
जपानीत याला शब्द आहे. तोरिनाओशी. मी बोललो नाही, बरं दिसलं नसतं. पण मनात पहिला तोच आला.
निघताना पायरीवर त्यानं आणखी एक सांगितलं. "पंच तुमीच ऱ्हायचं. दुसरा पंच आसंल तर मी येनार न्हाई."
व्याह्यांना म्हटलं, यात्रेला जेवायला या. म्हणाले, "कुस्ती हुंद्या. मग बघू जेवनाचं."

१३ मार्च
का मीच? दिवसभर तोच विचार. मला शिक्षा म्हणून? की माझ्यावर भरवसा आहे म्हणून? रेश्मा मॅडमला विचारलं, जपानमधे कुस्ती परत लागली की पंच बदलतात का. बदलत नाहीत म्हणाल्या, तोच राहतो. पण का, ते त्यांनाही माहीत नाही.

१६ मार्च
दिगंबरला भेटलो. भीत भीत. तो म्हशी धूत होता. ऐकून म्हणाला, "मी तयार हाय. मला बी समदे ती क्लिप दावत्यात अण्णा. गदा घरात हाय, पर आई फडक्यात गुंडाळून ठेवती." त्याला गेल्या वर्षी गदा देताना टाळ्या मी वाजवल्या होत्या.
त्याचा सराव रोज चालू आहे. सोमनाथचा आजपासून. महिनाही नाही हातात. म्हणजे यंदा दिगंबर खराच जिंकू शकतो.

१९ मार्च
बबनरावांशी चार तास. शेवटी कुस्ती परत लावायला कबूल झाले, पण माझी अट ऐकल्यावर कपाळाला हात लावला. अट: आखाड्याच्या चारी बाजूंना चार जुने पैलवान खुर्च्या टाकून बसतील, आणि पाचवे बबनराव. माझ्या निकालावर शंका आली तर कुणीही हात वर करायचा. मग पाचांनी आत यायचं, बोलायचं. माझं मत धरायचं नाही. ठरेल ते माईकवर सांगायचं, आणि ते मी सांगणार.
"ह्ये कुठनं काढलं?"
"जपानमधनं."
"तरीच. अरं, हिथं पाच म्हातारी एका जागी बोलाया लागली तर दिवाळी उजाडंल!"
दोघंही हसलो. आज बऱ्याच महिन्यांनी बबनरावांबरोबर हसलो.

२२ मार्च
सुमोचा शेवटचा दिवस. जिरं आठ जिंकलं, सात हरलं. जिंकलेल्या हरलेल्यांपेक्षा जास्त झाल्या की तेवढं त्यांच्यात पुष्कळ मानतात, शब्दही आहे, काचिकोशी. सौ.नं शब्द एकदा ऐकला आणि बरोबर म्हणून दाखवला. मला दोन दिवस लागले होते.

५ एप्रिल
चार म्हाताऱ्यांची तालीम घेतली. खुर्च्या मांडल्या, दोन पोरांना खोटं खोटं पाडलं. पहिल्याच पडीला चौघांनी चारी बाजूंनी हात वर केले. दुसऱ्या पडीला कुणीच नाही, एकाला डुलकी लागली होती. समजावलं, मी कुणाचा हात वर केला त्याकडे बघू नका. माझ्या तोंडाकडे तर नकोच. खांद्यांकडे बघा. त्यातले थोरले म्हणाले, "आन् तुज्याच इरुद्ध हात केला तर राग न्हाई ना धरायचा?" नाही म्हटलं. धरणार नाही असं वाटतं.

९ एप्रिल, यात्रा
दुपारचे अडीच. काल पालखी झाली, आज आखाडा. पेठहून सगळे आलेत. जावई घरापर्यंत आला, चहा घेतला. व्याही ओट्यावर बसलेत, आत आले नाहीत. सौ.नं मोठं पातेलं चुलीवर चढवलं, कुणालाही न विचारता. सोमनाथचं अंग पुष्कळ उतरलंय, पण दम पुरेल का माहीत नाही.
खरं लिहून निघतो. तो जिंकावा असं मला वाटतं. मनापासून वाटतं. गेल्या वर्षी असं काही वाटत नव्हतं, तरी चुकलो. आज डोळ्याच्या कोपऱ्यातून अर्धं काही दिसलं तर मन कुठं ओढेल ते मला ठाऊक आहे, आणि ती ओढ मोडायला गेलो तर परत गेल्या वर्षासारखंच होईल. म्हाताऱ्यांनो, जागे राहा.
कपडे करत होतो तेव्हा पल्लवी टॉवेल घेऊन आली. बघत उभी राहिली.
"अण्णा, सदरा उलटा घातलाय तुमी. भ्या वाटतंय का?"
"व्हय."
"मग बरं हाय," म्हणाली. "गेल्या साली तुमाला आजिबात वाटलं नव्हतं."
हलगी सुरू झाली. निघतो.